प्रवचन तयार करताना

पेंटेकॉस्टचा सण जवळ आला की आम्हाला दरवर्षी एका धर्मगुरूची आठवण होते. प्रवचनाची तयारी हे आम्हा धर्मगुरूंचे नेहमीचे काम. खरे सांगायचे तर ती पुष्कळदा शनिवारी रात्री होते. वाचने डोळ्यांखालून जातात, तीन वर्षांपूर्वीची वही कपाटातून निघते, तिच्यात दोन नव्या गोष्टींची भर पडते आणि रविवार पार पडतो. प्रवचन लोकांसाठी असते. ते तयार करणाऱ्यालाच लागू पडेल अशी भीती सहसा कोणाला वाटत नाही. 1514 साली क्युबा बेटावर मात्र एक धर्मगुरू पेंटेकॉस्टच्या प्रवचनासाठी पवित्र शास्त्र उघडून बसला आणि ते प्रवचन त्याच्यावरच उलटले. त्याचे नाव बार्तोलोमे दे लास कासास.

बार्तोलोमेचा जन्म स्पेनमधील सेव्हिल शहरात 1484 च्या सुमारास झाला. वडील पेद्रो हे बेताच्या परिस्थितीतले व्यापारी. 1493 च्या झावळ्यांच्या रविवारी कोलंबस पहिल्या सफरीहून परत येऊन सेव्हिलमध्ये होता. त्याच्यासोबत हिरवे पोपट होते आणि समुद्रापलीकडून आणलेली सात माणसे होती. आठ-नऊ वर्षांच्या बार्तोलोमेने हा देखावा डोळे भरून पाहिला. त्याच वर्षी त्याचे वडील कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत सामील झाले. परत आले तेव्हा त्यांनी एक तरुण ताइनो मुलगा सोबत आणला आणि आपल्या मुलाला दिला. घरी यावे आणि मुलाला खेळणे द्यावे, तसा. पुढे 1500 साली इझाबेल राणीने आणलेल्या या लोकांना परत पाठवण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो मुलगाही गेला. सेव्हिलच्या रस्त्यांवर त्या काळी आफ्रिकेतून आणलेले काळे गुलामही दिसत. त्यांना परत पाठवण्याचा हुकूम कोणी काढला नाही, आणि काढावा असे कोणाला वाटलेही नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

1502 साली बार्तोलोमे स्वतः जहाजात बसला आणि इस्पानिओला बेटावर उतरला. आज त्या बेटावर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन देश आहेत. तेथे गेलेल्या स्पॅनिश लोकांना राज्यपाल जमिनीपेक्षाही मोलाची एक गोष्ट देत असे, ती म्हणजे माणसे. या पद्धतीला एन्कोमिएंदा म्हणत. अमुक गावातील इतके इंडियन अमुक साहेबाच्या स्वाधीन. त्यांनी त्याच्या शेतात राबायचे, नदीच्या वाळूतून सोने काढायचे. मोबदल्यात साहेबाने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि त्यांचे रक्षण करायचे. कागदावर ही गुलामगिरी नव्हती. आपल्याकडे वेठबिगार कशी असते हे ज्यांनी पाहिले किंवा वाडवडिलांकडून ऐकले आहे त्यांना अधिक सांगायला नको. धर्म शिकवायला कोणाला सवड नव्हती, सोने काढायला मात्र होती. उपासमार, अतिश्रम आणि युरोपातून आलेले रोग यांनी त्या बेटावरची गावेच्या गावे ओस पडली.

बार्तोलोमेलाही अशी माणसे मिळाली. तो धर्मगुरू झाला, 1510 साली कोन्सेप्सिओन दे ला वेगा येथे त्याने आपली नवी मिस्सा मोठ्या थाटात गायिली. नव्या जगात गायिलेली ही पहिलीच नवी मिस्सा असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. कित्येक दिवसांत स्पेनहून जहाज आले नसल्याने समारंभात पाहुण्यांना द्राक्षारसाचा थेंबही मिळाला नाही, अशी तक्रारवजा नोंदही त्याने केली आहे. (त्याच वर्षी इकडे आल्बुकर्कने गोवा जिंकला.) धर्मगुरू झाल्याने त्याच्या व्यवहारात काही फरक पडला नाही. वेदी एका बाजूला, खाण दुसऱ्या बाजूला. दोन्हींमध्ये काही विसंगती आहे हे त्याला जाणवत नव्हते, आणि तो काही वाईट मनुष्य नव्हता. इतरांपेक्षा तो आपल्या माणसांशी मायेने वागे. सवयीचे हेच तर असते. ती दुष्टपणाचा चेहरा घेऊन येत नाही.

त्याच वर्षी डॉमिनिकन संघाचे काही गरीब धर्मगुरू बेटावर आले. 1511 च्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी त्यांच्यापैकी फादर अंतोनियो दे मोंतेसिनोस प्रवचनाला उभे राहिले. समोर राज्यपाल दिएगो कोलोन, म्हणजे कोलंबसचा मुलगा, आणि सगळे प्रतिष्ठित लोक बसले होते. कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांना राबवता, ती माणसे नाहीत काय, त्यांना आत्मा नाही काय, असे त्यांनी सरळ विचारले, आणि असे वागत राहिलात तर तुमचे तारण होणे कठीण आहे असेही बजावले. लोक चवताळले. दुपारी राज्यपाल व अधिकारी मठाच्या दारात हजर. पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या, अशी मागणी झाली. पुढच्या रविवारी मंदिर गच्च भरले आणि फादर मोंतेसिनोस तेच अधिक कडक शब्दांत बोलले. ते प्रवचन त्यांनी एकट्याने लिहिले नव्हते. मठातल्या सर्वांनी मिळून तयार केले होते आणि सर्वांनी खाली सह्या केल्या होत्या, हे आम्हाला विशेष वाटते.

बार्तोलोमेवर परिणाम? काही नाही. एकदा तो पापनिवेदनासाठी एका डॉमिनिकन धर्मगुरूकडे गेला. तुमच्याकडे इंडियन आहेत, तेव्हा पापक्षमा देता येणार नाही, असे त्या फादरांनी सांगितले. बार्तोलोमेने वाद घातला. शिकलेला होता, मुद्दे त्याच्याजवळ होते. शेवटी फादरांविषयी आदर बाळगून पण आपली माणसे न सोडता तो परतला. एका धर्मगुरूला दुसऱ्या धर्मगुरूने पापक्षमा नाकारावी ही लहान गोष्ट नव्हे. तरी ती तेवढ्यावर विरली.

नंतर तो लष्कराचा धर्मगुरू म्हणून क्युबात गेला. काओनाओ नावाच्या गावाजवळ कोरड्या नदीपात्रात धार लावायचे दगड मिळाले म्हणून शिपायांनी तलवारींना धार लावली. गावातले लोक पाहुण्यांसाठी मासे आणि भाकऱ्या घेऊन बसले होते. अचानक एकाने तलवार उपसली आणि मग सगळ्यांनीच. शेकडो स्त्री-पुरुष-मुले कापली गेली. बार्तोलोमे ओरडत, आडवा पडत, जमेल त्याला वाचवत धावत होता. सेनापती नार्वाएस घोड्यावर स्वस्थ बसून होता. हा प्रसंग त्याला मरेपर्यंत छळत राहिला. आणि यानंतर काय झाले? या मोहिमेचे बक्षीस म्हणून राज्यपाल वेलास्केसने त्याला आरिमाओ नदीकाठी उत्तम जमीन आणि भरपूर इंडियन दिले, आणि त्याने ते घेतले! पेद्रो दे ला रेंतेरिया या भल्या मित्राशी भागीदारी करून त्याने शेती व खाणकाम जोरात सुरू केले. क्रूरपणा नार्वाएसचा, आपण तर सज्जन, असे त्याचे गणित असावे. दुसऱ्याचे रक्ताळलेले हात दिसले की आपले हात स्वच्छ आहेत असे वाटू लागते.

अशा स्थितीत 1514 चा पेंटेकॉस्ट आला. सांक्ती स्पिरितुस या नव्या वसाहतीत मिस्सा अर्पण करायची होती. प्रवचनाला विषय शोधताना त्याच्यासमोर सिराकच्या ग्रंथातील चौतिसावा अध्याय आला. (आपल्या प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हा ग्रंथ नसतो. आपल्या बायबलमध्ये आहे, पण किती जणांनी उघडला असेल कोण जाणे.) अन्यायाने मिळवलेल्या वस्तूंचे अर्पण देवाला चालत नाही, गरिबाच्या तोंडचा घास काढून वाहिलेला बळी म्हणजे बापासमोर त्याच्या मुलाला मारणे होय, आणि मजुराची मजुरी बुडवणारा रक्तपात करतो, अशा अर्थाचे ते वचन आहे. बार्तोलोमे थांबला. आपण वेदीवर ठेवतो ती भाकर कोणाच्या श्रमाची आहे? आपण वेदी आणि खाण वेगळ्या ठेवल्या होत्या, शास्त्राने त्या एकाच ओळीत आणून ठेवल्या.

बिजली कोसळावी तसे हे झाले नाही, म्हणूनच आम्हाला त्याचे मोल अधिक वाटते. संत पौलासारखा तो घोड्यावरून पडला नाही (पौल घोड्यावर होता असे शास्त्रात नाही, ते चित्रकारांचे काम). कित्येक दिवस तो विचार करत बसला. डॉमिनिकन फादरांची जुनी वाक्ये आठवली, वाचलेली पुस्तके पुन्हा वाचली, पाहिलेले प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणले. जे पुरावे त्याच्याजवळ दहा वर्षे होते तेच त्याने नव्याने तपासले. शेवटी निर्णय झाला: हे सारे अन्यायाचे आहे आणि माझा त्यात वाटा आहे.

आता प्रश्न होता तो आपल्या माणसांचा. त्यांना मोकळे करणे त्याच्या हाती नव्हते. एन्कोमिएंदा सोडली की ती राज्यपालाकडे जाणार आणि तो ती माणसे दुसऱ्या कोणाला देणार. तो दुसरा बहुधा अधिक निर्दय असणार. सांभाळणाऱ्या मालकाने त्यांना सोडणे म्हणजे त्यांना मरणाच्या दारात लोटणे, हे त्याला कळत होते. तरी त्याने सोडले. कारण ती माणसे पदरी ठेवून या पद्धतीविरुद्ध बोलायला उभे राहिले असते तर पहिलाच श्रोता म्हणाला असता की तुमच्याकडेही आहेत की. हा निर्णय बरोबर होता का? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही यावर बराच खल केला असता. आज आम्हाला एवढेच वाटते की तो निर्णय घेणाऱ्याला त्याची किंमत कमी, त्या माणसांना फार पडली. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

रेंतेरिया जमैकाला गेला होता. तो परत येईपर्यंत ही गोष्ट गुप्त ठेवण्याचे ठरले. पण 15 ऑगस्ट 1514 रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला प्रवचन करताना बार्तोलोमेला राहवले नाही. राज्यपालासमोर त्याने आपला निर्णय जाहीर केला. लोक थक्क झाले. रेंतेरिया परतला तो वेगळीच बातमी घेऊन. प्रायश्चित्तकाळात फ्रान्सिस्कन मठात राहून त्यानेही विचार केला होता आणि इंडियन मुलांसाठी शाळा काढायचे ठरवले होते. दोघांनी आणलेला माल विकून टाकला आणि त्या पैशातून बार्तोलोमेला स्पेनला पाठवायचे ठरले. येथपर्यंत आम्ही त्यांना एकेरी संबोधले. यापुढे तसे करवत नाही.

1515 च्या नाताळाआधी फादर लास कासास राजा फर्दिनांदसमोर उभे होते. महिन्याभरातच राजा वारला. पण कार्डिनल सिस्नेरोस यांनी 1516 साली त्यांना इंडियनांचे संरक्षक नेमले. आणि येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक घडली. इंडियनांची सुटका झाली तर शेती व खाणी कोण चालवणार, असा वसाहतवाल्यांचा प्रश्न होता. त्यावर फादरांनी अनेक उपाय सुचवले. त्यांतला एक असा: स्पेनमधून गुलाम आणावेत, काळे किंवा गोरे. 1518 साली त्यांनी हे पुन्हा सुचवले. त्याच वर्षी तरुण राजा चार्ल्सने 4000 आफ्रिकन गुलाम नेण्याचा परवाना आपल्या एका दरबाऱ्याला दिला. त्याने तो जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांना विकला आणि व्यापाऱ्यांनी त्यावर नफा कमावला.

आफ्रिकन गुलामांचा व्यापार फादर लास कासास यांनी सुरू केला असे कधी कधी म्हटले जाते. ते खरे नाही. त्यांच्या आधीच तो सुरू होता आणि त्यांच्याविनाही तो वाढलाच असता. पण ज्या डोळ्यांना ताइनो माणूस दिसला त्यांना आफ्रिकन माणूस दिसला नाही, हे खरेच आहे. धर्मयुद्धात पकडलेल्यांना गुलाम करणे न्याय्य, आणि आफ्रिकेतले लोक तसेच पकडले गेले असणार, अशी त्या काळच्या सुशिक्षितांची समजूत होती. त्याहून मोठे कारण आम्हाला सेव्हिलच्या रस्त्यावर दिसते. ताइनोंना त्यांनी प्रथम पाहिले ते नवल म्हणून. काळे गुलाम मात्र त्यांना कळू लागल्यापासून शेजारी होते. जे नवे असते त्याविषयी मन प्रश्न विचारते, जे पाळण्यापासून पाहिले त्याविषयी विचारत नाही. संत थॉमस अक्विनस यांनी सवय या विषयावर इतकी पाने का खर्च केली असे विद्यार्थीदशेत आम्हाला वाटे. आता वाटत नाही.

पुढच्या वर्षांत बरेच घडले. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर कुमाना येथे शेतकऱ्यांची शांततामय वसाहत वसवण्याचा त्यांचा प्रयत्न 1522 साली रक्तपातात बुडाला. शेजारच्या स्पॅनिश गुलामचोरांनी इंडियनांना चिडवले होते, सूड निघाला तो फादरांच्या माणसांवर. खचलेल्या फादरांनी डॉमिनिकन संघाची दीक्षा घेतली आणि जवळजवळ दहा वर्षे मठात अभ्यासात घालवली. एके काळी ज्या संघाच्या फादरांनी त्यांना पापक्षमा नाकारली, तोच हा संघ. 1537 नंतर ग्वाटेमालातील ज्या डोंगराळ मुलखात स्पॅनिश सैन्याला पाय ठेवता आला नव्हता तेथे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी शस्त्राविना सुवार्ता नेली. त्या मुलखाला पुढे व्हेरापास, म्हणजे खरी शांती, असे नाव मिळाले. 1542 साली सम्राटाने नवे कायदे केले: इंडियनांना गुलाम करायचे नाही, आणि एन्कोमिएंदा बापाकडून मुलाकडे जायची नाही.

1544 साली साठीच्या घरातील फादरांना चियापाचे बिशप म्हणून अभिषेक झाला. चियापा म्हणजे आजच्या मेक्सिकोचे दक्षिण टोक. 1545 च्या प्रायश्चित्तकाळात त्यांनी आदेश काढला: ज्यांनी गुलाम ठेवले आहेत आणि जे त्यांना सोडायला व हिरावलेले परत करायला तयार नाहीत, त्यांना पापक्षमा मिळणार नाही. पूर्वी जे एका फादरांनी त्यांच्याबाबतीत केले होते तेच ते आता एका शहराबाबत करत होते. ईस्टरला सबंध धर्मग्राम ख्रिस्तशरीराविना राहिले तर काय होईल याची कल्पना आम्ही करू शकतो. बिशपांच्याच मुख्य सहायकाने लोकांना गुपचूप पापक्षमा दिली. शस्त्रधारी जमाव बिशपांच्या घरात घुसला. त्याच वर्षी सम्राटाने वारसाहक्कावरचा कायदा मागे घेतला. 1547 साली बिशप लास कासास स्पेनला परतले ते कायमचे.

1550 साली वाय्यादोलिद येथे राजाने बोलावलेल्या पंडितसभेपुढे त्यांचा सामना खुआन हिनेस दे सेपुल्वेदा या विद्वानाशी झाला. काही माणसे निसर्गतःच गुलाम होण्यासाठी जन्मतात या अॅरिस्टॉटलच्या मतावर सेपुल्वेदाची मदार होती. अॅरिस्टॉटल म्हणजे त्या काळी विद्यापीठांतला शेवटचा शब्द. तरुणपणी एका दरबारी वादात फादर लास कासास यांनी या तत्त्ववेत्त्याला नरकात जळणारा परधर्मीय ठरवून विषय संपवला होता. आता तसे केले नाही. पाच दिवस त्यांनी आपले लॅटिन हस्तलिखित वाचून दाखवले, रानटी या शब्दाचे वेगवेगळे अर्थ सोडवून दाखवले आणि इंडियनांची नगरे, कायदे, शेती, कला यांची साक्ष दिली. सगळी माणसे एकाच बुद्धिशील जातीची आहेत, हे त्यांचे सूत्र. पंडितांनी निकाल दिलाच नाही. आपले बिशप अतिशयोक्ती करत, आकडे फुगवत, विरोधकांवर तुटून पडत हेही सांगितले पाहिजे. त्यांच्याबरोबर एका मठात राहणे सोपे नसणार.

मात्र आमच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काम त्यांनी कोणाशीही न भांडता केले. परतल्यावर आपला 'इंडीजचा इतिहास' हा मोठा ग्रंथ पुरा करताना त्यांनी पोर्तुगीज बखरी वाचल्या. त्यांत ज्वाँव द बारुश यांचे लेखन होते. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर कसे आले हे अभ्यासणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते. त्या बखरींत पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील धाडींची वर्णने अभिमानाने लिहिली होती. 1444 साली लागोस बंदरात 235 माणसे उतरवून त्यांची वाटणी झाली, आई एकीकडे, मूल दुसरीकडे. फादर वाचत गेले आणि त्यांच्या ध्यानात आले की यात धर्मयुद्ध कोठेच नाही. काओनाओत जे घडले तेच हे. सत्तरीच्या आसपासचा हा मनुष्य, इंडियनांचा कैवारी म्हणून दोन खंडांत नाव झालेला. गप्प राहिला असता तर कोणी विचारले नसते. त्यांनी स्वतःविषयी, तृतीयपुरुषी, लिहून ठेवले की गुलाम आणण्याचा सल्ला या धर्मगुरूने दिला, तो अविचाराने दिला, काळ्या लोकांची कैद इंडियनांच्या कैदेइतकीच अन्यायाची आहे. आपले अज्ञान देवाच्या न्यायासनासमोर क्षम्य ठरेल याची त्यांना खात्री नव्हती, हेही त्यांनी लिहिले.

1514 साली सोडायला त्यांच्याजवळ जमीन आणि माणसे होती. या वेळी सोडायचे होते ते आपण बरोबर होतो हे समाधान. पहिल्या वेळी टाळ्या नसल्या तरी निदान श्रोते होते. या वेळी समोर फक्त कागद होता, आणि तोही कुलपात जाणार होता. ग्रंथाचे हस्तलिखित त्यांनी वाय्यादोलिदच्या सान ग्रेगोरिओ महाविद्यालयाकडे दिले आणि चाळीस वर्षे ते छापू नये असे सांगितले.

जुलै 1566 मध्ये माद्रिदच्या आतोचा मठात बिशप लास कासास देवाघरी गेले. ते अद्याप संत म्हणून घोषित झालेले नाहीत. हस्तलिखित चाळीसच्या जागी तीनशेहून अधिक वर्षे पडून राहिले आणि 1875-76 साली माद्रिदला छापले गेले. त्या वेळी क्युबात, जेथे त्यांनी आपली माणसे सोडली होती, उसाच्या मळ्यांत आफ्रिकन गुलाम राबतच होते. तेथील गुलामगिरी 1886 साली संपली.